नारळाची नोंद

अण्णांनी पिशवीतून सोलापुरी चादर काढली, दोन्ही हातांनी झटकून उलगडली आणि मी "अण्णा, थांबा" म्हणेपर्यंत ती माझ्या प्रोफेसरबाईंच्या खांद्यावर टाकलीसुद्धा. लाल-हिरवी, मोरांची, चांगली दोन किलो वजनाची. बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या, त्या वजनाने पुन्हा खाली बसल्या. मग अण्णांनी नारळ काढला, शेंडीसकट. तो त्यांच्या हातात ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, ऑन बिहाफ ऑफ लिगाडे फॅमिली."

बाईंचं नाव आन-सोफी. स्वीडनमध्ये प्रोफेसरला सर-मॅडम म्हणत नाहीत, नावाने हाक मारतात. मला दोन वर्षांत ते जमलं नव्हतं. हाक मारायची वेळच येणार नाही अशी वाक्यं मी जुळवायचो, किंवा नुसताच खोकायचो.

"हे माझ्यासाठी?" आन-सोफींनी विचारलं. त्यांचे कान लाल झाले होते. "सोमनाथ, वडिलांना सांग, मला फार आनंद झाला. आणि सांग की मी हे घेऊ शकत नाही."

"काय म्हणतायत?" अण्णा म्हणाले.

"आनंद झाला म्हणतात."

"आणि पुढचं?"

"पुढचं घरी गेल्यावर सांगतो."

"सोमवारी निवड समिती बसणार आहे," आन-सोफी मला म्हणाल्या. "मी समितीवर आहे आणि तू अर्जदार आहेस." आवाज अगदी शांत. या देशात आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर निदान किती बिघडलंय याचा अंदाज तरी आला असता. त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला. खांद्यावर चादर तशीच होती, ती काढून ठेवणं त्यांना बहुतेक उद्धटपणाचं वाटत होतं. "मला याची नोंद करावी लागेल. रजिस्टरला जाईल."

बाईंच्या इंग्रजी उच्चारांतून 'रजिस्टर' एवढा एक शब्द अण्णांना कळला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पद्धतशीर बाई आहेत," ते मला म्हणाले.

अण्णांना रजिस्टरचं प्रेम असणं साहजिक होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी ते नगरपालिकेत आवक-जावक कारकून होते. आलेला प्रत्येक कागद वहीत चढवायचा, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, देणाऱ्याला पोच द्यायची, हे त्यांनी चौतीस वर्षं केलं. त्या चौतीस वर्षांत कचेरीत दुसऱ्याचा चहा घेतला नाही. घरून थर्मास न्यायचे आणि टेबलाच्या खणात ठेवायचे. खणात थर्मास, शाईचा पॅड आणि जेवणाचा डबा, बाकी काही नाही. त्यांच्या या प्रामाणिकपणाचा आम्हाला फार त्रास झाला. त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने दुमजली घर बांधलं, आणि आमच्याकडे पत्र्याला भोक पडलं की आई म्हणायची, "ह्यांच्या इमानदारीला बादली लावा रे कुणीतरी."

आता माझ्याबद्दल. सांडपाणी शुद्ध करण्याच्या विषयात मी मास्टर्स संपवलं होतं. त्याच विभागात पीएचडीची एक जागा निघाली होती. तिथे पीएचडी म्हणजे नोकरीच, चार वर्षं पगारासकट. जागा एक, अर्ज एकसष्ट. मिळाली तर राहायचं, नाहीतर जुलैअखेर विमान पकडून परत, आणि गावी जाऊन सांगायचं की दोन वर्षं परदेशात गटारं शिकून आलो. माझी सगळी भिस्त आन-सोफींवर होती, कारण माझा प्रबंध त्यांच्याच हाताखाली झाला होता. आणि थोडी माझ्या पत्रावर. अर्जासोबत एक पत्र जोडायचं असतं, आपण कोण, इथेच का यायचंय, वगैरे. आमच्या आधी आलेला नगरचा एक सीनियर म्हणाला होता, "मला संशोधनाची आवड आहे, असलं काही लिहू नकोस. आवड एकसष्ट जणांना असते. यांना गोष्ट सांग." मी गोष्ट सांगितली होती आणि ती मला फार आवडली होती.

अण्णा आले होते माझ्या पदवीच्या समारंभाला. ताईचं बाळंतपण असल्यामुळे आई आली नव्हती. येताना त्यांनी शेंगाचटणी, चादर आणि नारळ आणला. विमानतळावर त्यांनी स्वतःच तपासनिसाला गाठून नारळ दाखवला आणि हा चालतो का, असं विचारलं. चालतो म्हणाल्यावर लेखी मागितलं.

संध्याकाळी ईमेल आली. दोनच ओळी. अर्जदाराच्या कुटुंबाकडून भेटवस्तू मिळाल्यामुळे आन-सोफी निवड समितीतून बाहेर पडत आहेत, त्यांच्या जागी दुसऱ्या विभागातले कोणीतरी बसतील. मी ती चार वेळा वाचली. अण्णा विद्यार्थ्यांच्या सामाईक स्वयंपाकघरात पिठलं ढवळत होते आणि एका फिनिश मुलीला हातवारे करून गुठळी कशी होऊ द्यायची नाही ते शिकवत होते.

"झालं तुमच्या मनासारखं?" मी म्हणालो.

"काय झालं?"

"मॅडम समितीतून बाहेर पडल्या. तुमच्या नारळामुळे. मला ओळखणारी एकच बाई होती तिथं, तीच गेली."

त्यांनी गॅस बारीक केला. खरं तर तिथे गॅस नव्हता, विजेची शेगडी होती, तरी ते वाकून ज्योत बघायचे.

"आरं, गुरूचा मान केला. त्यात काय वाईट केलं?"

"इथं मान करत नाहीत! मान केला की त्याला लाच म्हणतात!"

फिनिश मुलगी ताट घेऊन निघून गेली. अण्णांनी डाव खाली ठेवला.

"लाच," ते म्हणाले. "मी दिली?"

"तुम्ही दिली नाही. पण ती तशी दिसते. चार दिवसांवर निवड आणि तुम्ही जाऊन चादर पांघरवता. तुमच्या नगरपालिकेत चालत असेल, इथं नाही चालत."

हे बोलायला नको होतं. 'तुमच्या नगरपालिकेत' तर अजिबातच नको होतं. अण्णांनी पिठलं उतरवलं, दोन ताटल्यांत वाढलं आणि माझ्या ताटलीत जास्त वाढलं. मग ताटल्या धुता धुता म्हणाले, "ती नोंद कुठं झाली, ते उद्या मला दाखव."

"कशाला?"

"बघायचंय कशी केलीय."

शुक्रवारी सकाळी मी त्यांना विद्यापीठाच्या नोंदणी कचेरीत घेऊन गेलो. तिथे बर्टिल नावाचा साठीचा माणूस बसायचा. टेबल स्वच्छ, भिंतीवर फायली, खिडकीत एक रोपटं. अण्णांनी खोली एका नजरेत तपासली आणि बूट बाहेर काढून आत गेले. बर्टिलने त्यांच्या मोज्यांकडे बघितलं.

"गुड मॉर्निंग," अण्णा म्हणाले. "आय ॲम रिटायर्ड क्लार्क, इनवर्ड-आउटवर्ड सेक्शन. थर्टी-फोर इयर्स."

बर्टिल उठून उभा राहिला. आमच्या विभागप्रमुखांसाठीसुद्धा तो कधी उठला नव्हता.

"एकतीस," तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला.

अण्णांनी नोंद मागितली. बर्टिलने दोन मिनिटांत कागद छापून दिला. वर नंबर, तारीख, विषय. खाली आन-सोफींचं टिपण: चादर एक, सुती, रंगीत, नारळ एक. अण्णांनी नंबरावरून बोट फिरवलं.

"तारीख त्याच दिवसाची आहे," ते मला मराठीत म्हणाले. "दुसऱ्या दिवसावर ढकललं नाही. बघितलंस?" मग बर्टिलला विचारलं, "एनी परसन कॅन सी?"

"कोणीही," बर्टिल म्हणाला. "इथला प्रत्येक कागद, अर्जसुद्धा. कायदाच तसा आहे. तुम्ही कोण आणि तो कशाला हवा, हे विचारायची मला परवानगी नाही."

मी हे मराठीत सांगितलं. अण्णा खुर्चीवर बसले.

"विचारायची परवानगी नाही? आरं, आमच्याकडं लोकांना स्वतःच्या जन्माचा दाखला मिळवायला चार खेटे घालावे लागायचे. मी साहेबांना म्हणायचो, देऊन टाका, त्याचाच आहे. साहेब म्हणायचे, लिगाडे, तुम्हाला कळत नाही."

मला लॅबमध्ये जायचं होतं. शिवाय आदल्या दिवसाचा राग उतरला नव्हता आणि मोजे घालून कचेरीत बसलेल्या बापाची लाजही वाटत होती, खोटं कशाला सांगू? तासाभराने येतो म्हणून मी निघालो. अण्णांना खेळणं मिळालंय, रमतील, असं वाटलं.

तासाचे दोन तास झाले. परत आलो तर टेबलावर दोन थर्मास शेजारी शेजारी होते. अण्णा आपला चहा पीत होते, बर्टिल आपली कॉफी. दुसऱ्याचं घ्यायचं नाही, हा दोघांचाही नियम असल्यामुळे कुणी कुणाला विचारलं नव्हतं आणि दोघंही खूश दिसत होते. म्हणजे बर्टिल दिसत होता. अण्णा बूट घालायला खाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत, नाडी बांधत बसले.

"तुझ्या वडिलांचं अक्षर सुंदर आहे," बर्टिल म्हणाला.

काहीतरी गोड बोलायचं म्हणून बोलला असेल, असं मी धरून चाललो.

बाहेर पडल्यावर अण्णा नदीकाठच्या रस्त्याने पाठीमागे हात बांधून चालत राहिले. मधेच म्हणाले, "सोमा, इथं अर्जात खोटं लिहिलेलं सापडलं तर काय करतात?"

"काढून टाकतात. नोकरीला लागल्यावर सापडलं तरी काढतात. विश्वासावर चालतो ना सगळा कारभार. का?"

"सहज," अण्णा म्हणाले. पुढच्या पुलापर्यंत तसेच चालले. मग म्हणाले, "कागद चांगला वापरतात. शाई फुटत नाही."

दुपारी तीनला विभागाची कॉफी असते. सगळे जमतात, शिपाई-प्रोफेसर असा भेद नसतो. किंबहुना शिपाईच नसतो, प्रोफेसरच कप धुतात. आन-सोफींनी चादर घडी करून परत केली आणि अण्णांकडून पोच म्हणून सही घेतली. अण्णांनी तारीख घालून सही केली. नारळ मात्र परत घ्यायला त्यांनी नकार दिला. दिलेला नारळ परत घेत नाहीत. यावर नियम काय म्हणतो ते बर्टिलला फोन करून विचारण्यात आलं. एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून खाल्ला तर चालेल, असा निर्णय झाला. मग फोडायचा कसा, यावर डॉक्टरेट मिळवलेल्या चार माणसांनी दहा मिनिटं चर्चा केली. एकाने ड्रिल आणायचं सुचवलं. अण्णा उठले, बाहेरच्या दगडी पायरीपाशी गेले आणि एका दणक्यात दोन भकलं केली. टाळ्या पडल्या. प्रत्येकाच्या हातावर त्यांनी खोबऱ्याचा तुकडा ठेवला, आन-सोफींच्याही. माझ्यापाशी आले तेव्हा तुकडा ठेवून क्षणभर माझा हात धरला. मला वाटलं, भांडण मिटवतायत.

मंगळवारी अण्णा गावी परत गेले. दोन आठवड्यांनी मला कळवलं, जागा मिळाली. फोनवर अण्णा म्हणाले, "बरं झालं," आणि फोन आईकडे दिला.

याला आता बारा वर्षं झाली. मी त्याच विभागात शिकवतो, आन-सोफीला आन-सोफी म्हणतो, आणि दर मार्चमध्ये भारतातून येऊ पाहणाऱ्या मुलांना ऑनलाइन व्याख्यान देतो. 'स्वीडिश समाजजीवन आणि मूल्ये.' चौदा स्लाइड आहेत. समानता, वेळ पाळणे, बूट दाराशी काढणे, कचरा वेगळा करणे, कॉफी. नवव्या स्लाइडवर पारदर्शकता. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं की कोणीतरी हमखास विचारतं, "सर, प्रोफेसरसाठी गिफ्ट काय आणावं?" मी नारळाची गोष्ट सांगतो, मुलं हसतात.

या वर्षी वाटलं, नुसतं बोलण्यापेक्षा पुरावाच दाखवू. ज्याला जागा मिळते त्याची कागदपत्रं जपून ठेवतात. म्हणून गेल्या बुधवारी नोंदणी कचेरीत जाऊन मी माझी स्वतःची फाइल मागितली. बर्टिल केव्हाच निवृत्त झालाय. आता तिथे एल्सा नावाची तरुण मुलगी आहे. कोण, कशाला, हे तिनेही विचारलं नाही.

चादरीचं टिपण होतं. त्याआधी माझा अर्ज होता आणि अर्जाला जोडलेलं ते पत्र, मला फार आवडलेलं. बारा वर्षांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"माझे वडील चौतीस वर्षे एका कचेरीत कारकून होते," असं मी लिहिलं होतं. "त्यांच्या टेबलाचा खण रोज संध्याकाळी लोकांकडून घेतलेल्या पैशांनी भरलेला असे. त्या खणावर माझे शिक्षण झाले. त्याची लाज मी आयुष्यभर बाळगली आहे. म्हणून मला अशा देशात संशोधन करायचे आहे, जिथे टेबलाला खण नसतो."

खणाचं ते शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश होऊन आइस्क्रीम खाल्लं होतं.

फाइलच्या शेवटी एक हाताने लिहिलेला कागद होता. मोत्यासारखं इंग्रजी अक्षर. वर बर्टिलचा निळा शिक्का, त्या शुक्रवारच्या तारखेचा. कचेरीचं इंग्रजी होतं, मराठीत सांगतो.

"विषय: अर्जदार श्री. सोमनाथ भगवंत लिगाडे यांचे अर्जाबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळवितो की, एक, चादर व नारळ मी स्वखुशीने दिले. अर्जदारास त्याची पूर्वकल्पना नव्हती. दोन, अर्जदाराने आपल्या पत्रात माझ्याविषयी लिहिलेला मजकूर मी आज वाचला. तो खरा आहे. सेवेत असताना मी लोकांकडून पैसे घेत असे. सबब अर्जदार हा खरे लिहिणारा इसम आहे, याची नोंद व्हावी. आपला विश्वासू, भगवंत लिगाडे, निवृत्त लिपिक, आवक-जावक विभाग."

समितीने तो कागद वाचला की नाही, मला माहीत नाही. तो मी परत परत वाचला. चौतीस वर्षं दुसऱ्याचा चहा न घेतलेल्या माणसाने, जगातल्या कुणालाही न विचारता बघता येईल अशा कचेरीत, स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं की मी पैसे खाल्ले. मुलगा खोटा ठरू नये म्हणून. वर बारा वर्षांत एकदाही त्याचा उल्लेख केला नव्हता, आणि मी दर मार्चला त्यांचा नारळ सांगून पोरांना हसवत होतो. मला माझीच इतकी लाज वाटली की एल्साने पाणी हवं का विचारलं. मी कोरा कागद मागितला.

सहा ओळी लिहिल्या. पत्रातला वडिलांविषयीचा मजकूर खोटा आहे, तो मी रचला. वडिलांचं निवेदनही खरं नाही, ते त्यांनी माझ्यासाठी दिलं. त्यांच्या खणात थर्मास होता.

एल्साने वाचलं. "हे प्रकरण बारा वर्षांपूर्वी बंद झालंय."

"तरी लाव."

"विभागप्रमुखांकडे जाईल."

"जाऊ दे."

तिने शिक्का मारला. बाहेर येऊन, त्याच पुलावर थांबून मी घरी फोन लावला.

"अण्णा, आज मी इथली फाइल मागवली. नारळाची."

मागे टीव्हीवर बातम्या चालू होत्या, त्या बंद झाल्या.

"सगळी वाचली?"

"सगळी."

"माझ्या इंग्रजीत चुका असतील."

"एकच होती. दुसरं कलम. अण्णा, चुकलं माझं. आज मी लिहून दिलंय तिथं, की खोटं मी लिहिलं होतं आणि तुम्ही कधीच काही घेतलं नाही."

"आरं येड्या! नोकरी जाईल की!"

"गेली तर गेली."

फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हणालो.

"पोच घेतलीस का?" अण्णांनी विचारलं.

"घेतली."

"शिक्का मारलेली?"

"मारलेली. आवक नंबर पण आहे. सांगू?"

"थांब," अण्णा म्हणाले, "पेन आणतो."